क्विकनचे पैसे दरवर्षी भरावेत का?

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो. न्यू जर्सीत घर, दोघांच्या नोकऱ्या, दोघांनाही कंपनीचे शेअर मिळतात. भारतात एनआरई-एनआरओ (अनिवासी भारतीयांची) बँक खाती आणि काही म्युच्युअल फंड आहेत. घरचा हिशेब ठेवणाऱ्या क्विकन या अमेरिकी सॉफ्टवेअरच्या वर्गणीचं वर्ष संपत आलंय. कपाटात क्विकन २०१६ ची जुनी सीडी आहे. तेव्हा दरवर्षी पैसे भरत राहायचं, की त्या जुन्या प्रतीवर परत जायचं?

माझं मत: यंदा वर्गणी भरा. पण भरण्याआधी एका शनिवारी बसून तुमचा सगळा हिशेब क्विकनच्या बाहेर काढता येतो का, हे पाहा. पुढच्या वर्षीचा निर्णय त्यावरून घ्या. नव्या आवृत्तीत काय नवीन आलंय याची यादी वाचून तो घेऊ नका.

जुन्या सीडीचा विषय आधी संपवतो. ती बसवता आली तरी तुमच्या उपयोगाची नाही. क्विकनची फाइल नव्या आवृत्तीत एकदा उघडली की नव्या रचनेत बदलली जाते, आणि ती मग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणजे २०१६ वर जायचं तर तुम्ही वर्गणी घेण्याआधीचा बॅकअप शोधावा लागेल आणि मधल्या सगळ्या वर्षांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागतील. शिवाय २०१६ च्या प्रतीची ऑनलाइन सेवा एप्रिल २०१९ मध्येच बंद झाली. त्या काळी नियमच तसा होता. दर शरद ऋतूत नवी आवृत्ती यायची, एकदा पैसे मोजले की ती तुमची, पण बँकेतून व्यवहार उतरवून घेण्याची सोय साधारण तीन वर्षं चालायची. २०१४ ची प्रत एप्रिल २०१७ ला थांबली, २०१७ ची एप्रिल २०२० ला. म्हणून जाणकार लोक दरवर्षी न घेता तीन वर्षांतून एकदा घ्यायचे, आणि तेव्हा तेच शहाणपणाचं होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये क्विकन २०१८ वर्गणीवर आलं आणि तो हिशेब संपला. त्याच्या आदल्या वर्षी इंट्यूट या मूळ कंपनीने क्विकन एच.आय.जी. कॅपिटल या गुंतवणूक संस्थेला विकलं होतं. नव्या मालकाला दरवर्षी येणारा पैसा हवा असणार, हे उघड होतं.

आता वर्गणी थांबवली तर काय होतं? अमेरिकेतल्या डिलक्स आणि त्यावरच्या प्रतींत तुमची फाइल उघडते, जुन्या नोंदी दिसतात, नव्या नोंदी हाताने करता येतात, अहवाल निघतात. बंद पडतं ते बँक आणि ब्रोकरकडून व्यवहार उतरवून घेणं, शेअरचे भाव आपोआप येणं, फोनशी जुळणी आणि मदतकेंद्र. डिलक्सच्या खालची स्टार्टर ही प्रत मात्र फक्त वाचण्यापुरती राहते. तेव्हा डिलक्सवर असाल तर दरवर्षीचा पैसा मुख्यतः बँकेपर्यंतच्या वाटेसाठी जातो, तुमच्या वहीसाठी नाही. ही वाट तुम्हाला किती लागते, एवढाच खरा प्रश्न.

एक पगाराचं खातं, एक बचतीचं आणि दोन क्रेडिट कार्डं असं ज्यांचं घर आहे, त्यांना मी सरळ सांगतो की भरू नका. महिन्यातून एकदा बँकेच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवायची आणि ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची, काम झालं. तो पूर्ण मोफत आहे, गेली पंचवीसहून अधिक वर्षं स्वयंसेवक तो सांभाळत आले आहेत, आणि त्याची फाइल म्हणजे साधं एक्सएमएल आहे. उद्या तो प्रकल्प थांबला तरी ती फाइल मजकूर म्हणून वाचता येईल. जमा-नावे पद्धत शाळा-कॉलेजात वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना तर तो घरचाच वाटेल.

तुमची गोष्ट वेगळी आहे, ती कंपनीच्या शेअरमुळे. इथे मी जरा थांबतो, कारण घराचा हिशेब नीट ठेवण्याचा डॉलरमध्ये मोजता येणारा फायदा इथेच आहे. ईएसपीपीत, म्हणजे कंपनीच्या शेअर-खरेदी योजनेत, तुम्हाला सवलतीत शेअर मिळतो. विकताना ती सवलत पगारात धरली जाते आणि तुमच्या डब्ल्यू-२ मध्ये, म्हणजे पगाराच्या वार्षिक दाखल्यात, येते. पण २०१४ पासूनच्या नियमानुसार ब्रोकर १०९९-बी या विक्रीच्या दाखल्यावर खरेदी किंमत दाखवतो तेव्हा पगारात धरलेली ती रक्कम त्यात मिळवू शकत नाही. करविवरणातल्या फॉर्म ८९४९ वर तुम्ही स्वतः दुरुस्ती केली नाही, तर त्याच रकमेवर दोनदा कर बसतो. आरएसयूच्या, म्हणजे कंपनी ठरावीक मुदतीनंतर देते त्या शेअरच्या, बाबतीतही बऱ्याचदा खरेदी किंमत शून्य किंवा रिकामी दिसते, जरी वेस्टिंगच्या (शेअर तुमच्या नावावर होण्याच्या) दिवशीच्या भावावर तुम्ही कर भरलेला असतो. वेस्टिंगची तारीख, त्या दिवशीचा भाव, करापोटी कापून घेतलेले शेअर, हे सगळं ज्यांच्या वहीत आहे त्यांना ही दुरुस्ती करायला काही मिनिटं लागतात. ज्यांच्याकडे नाही ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जुन्या ई-मेल उपसत बसतात, नाहीतर सरळ जास्त कर भरून मोकळे होतात. दोघांच्या कंपन्या, दोन ब्रोकर, दर तिमाहीला वेस्टिंग, वर लाभांशाची पुनर्गुंतवणूक: एवढं सगळं हाताने टिपणं होत नाही. सुरुवातीला उत्साह असतो, चार महिन्यांनी वही मागे पडते. म्हणून तुम्ही भरा असं म्हणतोय.

जुन्या शेअरचंही तसंच. ब्रोकरने खरेदी किंमत सरकारला कळवायची सक्ती शेअरसाठी २०११ पासून आणि म्युच्युअल फंडांसाठी २०१२ पासून घेतलेल्यांनाच लागू आहे. त्याआधी घेतलेलं काही तुमच्याकडे असेल, तर त्याची किंमत सिद्ध करणं तुमच्यावर आहे. ती माहिती तुमच्या क्विकनच्या फाइलमध्ये असेल तर ती फाइल त्या सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

भारताकडच्या बाजूला मात्र क्विकनच्या वर्गणीचा काडीचा उपयोग नाही. तिकडच्या बँका त्याच्या डाउनलोडच्या यादीत नाहीत. पण वही तिथे अधिकच लागते. भारतातली बँक व्याजाचा दाखला एप्रिल ते मार्चचा देते आणि इथला कर जानेवारी ते डिसेंबरचा असतो. एनआरई खात्यावरचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत करपात्र आहे, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं. नोंदी असतील तर कॅलेंडर वर्षाचं व्याज एका अहवालात निघतं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर हा परदेशी खात्यांचा फॉर्म भरावा लागतो. त्यात प्रत्येक खात्यातली वर्षभरातली सर्वांत मोठी शिल्लक लागते. ती दाखल्यात लिहिलेली नसते, पासबुकातून शोधावी लागते, किंवा वहीत दिसते. आणि भारतातल्या म्युच्युअल फंडांना इथला कायदा पीएफआयसी (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) धरतो, त्यांच्यासाठी फॉर्म ८६२१ आहे. त्यासाठी प्रत्येक एसआयपीची तारीख, रुपयांतली रक्कम, युनिट आणि त्या दिवशीचा डॉलरचा दर टिपलेला असेल तर तुमचा सीए आणि इथला करसल्लागार दोघांचंही काम निम्मं होतं.

ही रुपयांची बाजू ग्नूकॅशमध्ये वेगळ्या फाइलला ठेवा असं सुचवेन. तो अनेक चलनं नीट हाताळतो, आणि भाव आणण्यासाठी तो ज्या ‘फायनान्स कोट’ या जोडणीवर चालतो, तिच्यात भारतीय म्युच्युअल फंडांची एनएव्ही (युनिटचा भाव) ॲम्फी या फंडांच्या संघटनेकडून उचलण्याची सोय आहे. कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचं एकत्रित विवरणपत्र महिन्याला मागवलं की एसआयपीच्या नोंदी अर्ध्या तासात होतात.

आता सुरुवातीला म्हटलेल्या शनिवारच्या कामाकडे येतो. यावर मी इतका जोर का देतो? या क्षेत्रात मोठमोठी नावं बंद पडलेली आपण पाहिली आहेत. एकेकाळी मायक्रोसॉफ्टला इंट्यूट कंपनीच विकत घ्यायची होती, १९९५ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने दावा लावला म्हणून तो सौदा मोडला. त्याच मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आपलं ‘मनी’ हे सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यातही एक गोष्ट त्यांनी चांगली केली. २०१० मध्ये ऑनलाइन सेवा नसलेली शेवटची आवृत्ती मोफत दिली, आणि लोक ती आजही वापरतात, कारण फाइल त्यांच्या संगणकावर होती. मिंट या ऑनलाइन हिशेबसेवेचं तसं झालं नाही. इंट्यूटने २००९ मध्ये विकत घेतलेली ती मोफत सेवा मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी आधी व्यवहारांची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) उतरवून ठेवली त्यांचा इतिहास वाचला. मॅकवाल्यांना तर संगणकानेच अडवलं. २०११ मध्ये मॅकची लायन ही प्रणाली आली आणि क्विकन २००७ चालेनासं झालं. त्यावर चालणारी दुरुस्त आवृत्ती यायला मार्च २०१२ उजाडला. तोपर्यंत लोक केवळ हिशेबासाठी जुनी प्रणाली धरून बसले होते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलंय, तेव्हा जुना संगणक असेल तर तोही विचार याच वेळी करा.

काम असं. आधी फाइलचा पूर्ण बॅकअप घ्या आणि तो संगणकाबाहेरच्या डिस्कवर ठेवा. मग क्विकनमधून क्यूआयएफ फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येणारी व्यवहारांची फाइल) काढा. ग्नूकॅश बसवा, एका नव्या कोऱ्या वहीत ती फाइल घ्या, आणि मग प्रत्येक खात्याची आजची शिल्लक दोन्हीकडे जुळते का ते पाहा. बँक आणि कार्डं साधारण जुळतात. शेअरची खाती अडतात. शेअरची विभागणी, कंपन्यांचं विलीनीकरण, पुनर्गुंतवलेले लाभांश इथे युनिटांची संख्या हलते. जोडलेल्या पावत्यांची चित्रं क्यूआयएफमध्ये येतच नाहीत, ती वेगळी उतरवा. शिवाय प्रत्येक गुंतवणूक खात्याचा खरेदीनिहाय अहवाल, म्हणजे तारीख, संख्या, किंमत, पीडीएफ करून ठेवा. सगळं जुळलं नाही तरी हा एक अहवाल हाती असला की कराच्या दृष्टीने तुम्ही सुरक्षित आहात.

कोणती प्रत, हे लवकर सांगून टाकतो. शेअरच्या विक्रीचा नफा-तोटा आणि करासाठीचे अहवाल हवेत म्हणून वरची प्रत घेण्याआधी तुमच्या आत्ताच्या प्रतीत कोणते अहवाल निघतात ते उघडून पाहा. भाड्याची मालमत्ता किंवा घरचा व्यवसाय नसेल तर सगळ्यात महागड्या प्रतीची गरज मला दिसत नाही. नूतनीकरणाचा आपोआप कापला जाणारा पर्याय बंद ठेवा. आठवण येईल, तेव्हा विचार करून भरा.

आणि नवी आवृत्ती आली म्हणून त्याच दिवशी बसवू नका, मग ती मोफत ग्नूकॅशची का असेना. फेब्रुवारी ते १५ एप्रिल या काळात तर हात लावूच नका. १०९९ फेब्रुवारीत येतात, ब्रोकर मार्चमध्ये दुरुस्त प्रती पाठवतात, त्या काळात हिशेबाची वही स्थिर हवी. मे महिना बरा, नाहीतर थँक्सगिव्हिंगची सुट्टी.

टर्बोटॅक्सशी याची गल्लत करू नका, कारण तुमच्या प्रश्नात तेही ओझरतं आलंय. करविवरणाचं सॉफ्टवेअर दरवर्षी नवं लागतंच, कायदे आणि फॉर्म बदलतात. तिथे फक्त कोणती प्रत घ्यायची एवढं ठरवायचं, आणि खोक्यावर कोणते फॉर्म लिहिलेत ते दरवर्षी वाचायचं. २०१४ च्या कर वर्षासाठी इंट्यूटने डिलक्सच्या डेस्कटॉप प्रतीतून शेड्युल सी, डी आणि ई (व्यवसाय, शेअरविक्री आणि भाड्याचे फॉर्म) पूर्ण भरण्याची सोय काढून महागड्या प्रतींत नेली होती. शेअर विकलेल्या सगळ्यांना त्याची झळ बसली, मोठी ओरड झाली, कंपनीने माफी मागितली आणि पुढच्या वर्षी ती सोय परत दिली. वर्षानुवर्षं तीच प्रत घेणाऱ्यांना ते पैसे मोजल्यावर कळलं.

तुम्ही दोघंही हा हिशेब पाहता का, हे लिहिलं नाहीत. एकच जण पाहत असेल तर शनिवारच्या कामाला दुसऱ्यालाही सोबत बसवा. बॅकअप कुठे आहे, पासवर्ड कुठे आहे, हे दोघांना माहीत हवं.

क्यूआयएफ घेताना ग्नूकॅश तारखेचा क्रम विचारेल, तिथे महिना आधी, मग दिवस असं निवडा, नाहीतर ५ एप्रिलचा व्यवहार ४ मे ला जाऊन बसतो. कोणतं खातं जुळलं नाही आणि फरक किती आला ते इथेच लिहा. ईएसपीपीच्या खात्यात फरक असेल तर शेवटच्या दोन विक्रींच्या तारखा आणि शेअरची संख्याही लिहा, रकमा नकोत. तेवढ्यावरून सांगता येईल.