डॉक्टर आणि मॅनेजरचं जमायचं असेल तर

अगं, तुझा मेसेज वाचला. दातांचं क्लिनिक ताब्यात घेऊन थोडेच दिवस झालेत आणि मॅनेजरताईंशी रोज खटके उडायला लागलेत, त्या आधीच्या डॉक्टरांपासून तिथे आहेत, वयानेही तुझ्यापेक्षा मोठ्या, त्यामुळे धड बोलताही येत नाही आणि गप्पही बसवत नाही. समजलं मला. पण त्या अपॉइंटमेंट कशाही लावतात ही जी तुझी मुख्य तक्रार आहे ना, ती मला त्यांच्या स्वभावाची वाटत नाही. तुझं काम आत कसं चालतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, एवढंच दिसतंय मला त्यात.

आता बघ, तू म्हणालीस दाढेची आरसीटी, म्हणजे रूट कॅनाल, त्यांनी लिहिला अर्धा तास, कारण आधीच्या डॉक्टरांचा हिशोब तसा होता. आत काय होतं? खालची दाढ असेल तर ब्लॉक, म्हणजे बधिर करायचं इंजेक्शन, देऊन ओठ नीट बधिर व्हायलाच पाच-दहा मिनिटं जातात, मग दाताभोवती रबर डॅमचा पडदा, मग अ‍ॅक्सेस म्हणजे दातात आत शिरायला वाट करणं, मग मुळाची लांबी मोजायचा एक्स-रे, आणि वरची पहिली दाढ असेल तर तो चौथा कॅनॉल, म्हणजे मुळातली बारीक नळी, शोधत बसायचं, अर्धा तास कधीच उडालेला असतो आणि बाहेर दोन पेशंट घड्याळाकडे बघत बसलेत. त्यांची बोलणी कोण खातं? ताई खातात. तू आत मास्क लावून कामात, तुला ते ऐकूही येत नाही. मग तू बाहेर येऊन विचारतेस की एवढी गर्दी का केली. त्यांना काय वाटत असेल सांग बरं.

म्हणून दोघींनी एक दिवस पेशंट नसताना बसा आणि प्रत्येक कामाला तुला खरंच किती वेळ लागतो ते लिहून काढा. कॉलेजात शिकवला तो वेळ नको आणि तुला लागावा असं वाटतं तोही नको. त्यात तुझे हात किती मिनिटं अडकतात आणि असिस्टंटचे किती हे वेगळं लिहा, म्हणजे भूल चढेपर्यंत दुसऱ्या खुर्चीवरचा चेकअप होऊ शकतो हे त्यांना दिसेल. ऑटोक्लेव्हचंही, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचंही सांग. 134 डिग्रीला धरून ठेवणं नुसतं 3 मिनिटांचं असलं तरी गरम होणं, सुकणं धरून सायकल सहज अर्धा-पाऊण तास खाते, आणि हँडपीस, म्हणजे दात कोरायची ड्रिल, मोजकेच असतील तर एकामागून एक दात कोरायचे पेशंट लावून चालतच नाही. हे तुला माहीत असतं, डायरी भरणाऱ्या माणसाला कुठून कळणार? आणि रोज एक जागा दुखणं घेऊन येणाऱ्यांसाठी रिकामी ठेवा, ती भरायचा मोह दोघींनीही आवरायचा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. खुर्चीवर बसलेल्या पेशंटला तू जे कबूल करतेस ते पेशंट बाहेर पडायच्या आत ताईंना कळलंच पाहिजे. तू मायेने म्हणतेस, गुरुवारी क्राऊन (दातावरची कॅप) बसवू, आणि लॅबचं काम यायला अजून आठवडा आहे. किंवा म्हणतेस, पैशाचं बघू काहीतरी, आणि पेशंट काउंटरवर जाऊन सांगतो की डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय. मग त्या एक आकडा सांगतात, तू दुसरा, आणि पेशंटचा दोघींवरचाही विश्वास उडतो. सवलत द्यायची तर जरूर दे, क्लिनिक तुझं आहे, पण ती ताईंच्या तोंडून जाऊ दे. सोपी सवय लाव, पेशंटला सोडायला काउंटरपर्यंत ये आणि त्याच्यासमोरच बोल, की आज हे झालं, पुढच्या वेळी हे करायचंय, इतका वेळ लागेल, इतक्या दिवसांनी बोलवा. पेशंटनेही ऐकलं, त्यांनीही ऐकलं, विषय संपला.

उलट बाजूही आहे. दात काढायचा की वाचवायचा, हे तुझं आणि फक्त तुझं. या महिन्यात क्राऊन कमी झाले असं त्या म्हणतील, म्हणू देत, हिशोब बघणं त्यांचं कामच आहे, नीट ऐकून घे, पण त्यावरून कुणाचा ट्रीटमेंट प्लॅन बदलायचा नाही आणि हे त्यांना शांतपणे आधीच सांगून ठेव. फोनवर कुणी विचारलं, सूज आलीय, कुठली गोळी घेऊ, तर त्यांनी गोळी सांगायची नाही. पण नुसतं सांगू नका म्हणून भागत नाही गं, फोन तर त्यांनाच घ्यावा लागतो. त्यांना एक कागद करून दे. सूज वाढतेय का, ताप आहे का, तोंड उघडतंय का. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. पडून पक्का दात मुळासकट बाहेर आला असेल तर मुळाला हात न लावता चावायच्या बाजूने धरा, लगेच परत जागेवर बसवता येत नसेल तर दुधात ठेवा आणि ताबडतोब निघा, आणि असा फोन आला की तू कुठल्याही कामात असलीस तरी तुला सांगायचं. असा कागद हातात असला की माणसाला आपल्यावर भरवसा ठेवलाय हे जाणवतं.

असिस्टंटच्या सुट्ट्या परस्पर मंजूर करू नकोस. आणि काही चुकलं तर पेशंटसमोर किंवा असिस्टंटसमोर ताईंना कधीच बोलू नकोस, दार लावून बोल, त्याच दिवशी बोल.

सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी दहा मिनिटं दिवसाची यादी दोघींनी बघायची, कुणाचं लॅबचं काम आलंय, कुणाला बीपी आहे, कोण मागच्या वेळी आलाच नाही. उद्यापासूनच सुरू कर, आणि उद्या पहिलं तूच विचार की माझ्या कुठल्या सवयीमुळे तुमचं काम वाढतं. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नकोस, समजावून सांगायला जाऊ नकोस, नुसतं लिहून घे. त्या काय म्हणाल्या ते मला कळव, आणि वेळेचा तो कागद तयार झाला की फोटो पाठव, मी बघून सांगतो कुठे कमी धरलंयस.