पाच-सहा दिवसांच्या ट्रेकवर हेल्दी कसं खायचं, तेही सॅक जड न करता?

तुम्ही विचारलंय की पाच-सहा दिवस सगळं पाठीवर घेऊन चालायचंय, नुसत्या बिस्किटं-चॉकलेट-इन्स्टंट नूडल्सवर दिवस काढायचे नाहीयेत आणि सॅकही जड नकोय. आमच्या ग्रुपमध्ये लांबच्या ट्रेकचं खाण्याचं प्लॅनिंग बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं, त्यामुळे जरा सविस्तरच सांगते.

सगळ्यात आधी घरचं डाएट डोक्यातून काढा. घरी हेल्दी म्हणजे कमी तेल, कमी मीठ, भरपूर सॅलड असं आपण धरून चालतो, ट्रेकवर ते उपयोगाचं नाही. दिवसभर चढउतार आणि पाठीवर बारा-पंधरा किलो म्हटलं की खर्च सहज ३००० ते ४००० कॅलरीपर्यंत जातो, थंडी असेल किंवा तुमची अंगकाठी मोठी असेल तर त्याहून वर. हे सगळं रोज भरून निघतच नाही, थोडी तूट राहते आणि धडधाकट माणसाला पाच-सहा दिवसांत त्याने काही होत नाही. पण तूट फार पडली की पाय ओढत चालावं लागतं, उगाच चिडचिड होते, रात्री स्लीपिंग बॅगमध्येही थंडी वाजते आणि उतारावर पाऊल चुकायला लागतं. म्हणून मी म्हणेन आधी पोटभर, मग वेळेवर, आणि मग काय खायचं त्याचा विचार.

आता वजनाचं. १ ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी असतात, कार्ब्स आणि प्रोटीनमध्ये प्रत्येकी ४, आणि पाण्यात शून्य. हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं प्लॅनिंग होतं. १०० ग्रॅम सफरचंदात ५०-५५ कॅलरी, तेवढ्याच बदाम-शेंगदाण्यात ६०० च्या आसपास! माणशी दिवसाला ७०० ते ८०० ग्रॅम कोरडं खाणं धरा आणि सरासरी १०० ग्रॅमला ४५० कॅलरी पडतील असं बघा, म्हणजे दिवसाचं गणित साधारण जमतं. ओट्स, तांदूळ, डाळी, पास्ता हे सगळं ३५० ते ३८० मध्ये येतं, त्यांना वर खेचायचं काम दाणे, बिया, पीनट बटर, फुल क्रीम दूध पावडर आणि तेल करतं. झाकण घट्ट बसणाऱ्या छोट्या बाटलीत तेल न्याच, संध्याकाळच्या जेवणात वरून एक मोठा चमचा ओतला की १२० कॅलरी वाढतात आणि पोटाला जडही वाटत नाही.

फक्त दिवसभर चालताना फॅटवर भिस्त ठेवू नका, ते सावकाश पचतं. स्नायू आणि लिव्हर मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या कार्ब्सचा, साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि चढावर तो भराभर उतरतो. तो संपत आला की माणूस एकदम बसतो, मग कितीही खाल्लं तरी लगेच तरतरी येत नाही. म्हणून भूक लागायची वाट न बघता दर तासा-दीड तासाने मूठभर काहीतरी तोंडात टाकायचं, ३० ग्रॅम कार्ब्स पोटात गेले तरी पुष्कळ. मनुका, खजूर, सुके जर्दाळू, खारे दाणे असं मिक्स करून सॅकच्या कमरेच्या खिशात ठेवा. सॅक उतरवून, चेन उघडून, आतून डबा काढावा लागला तर कोणी खात नाही हे मी दर वेळी बघते. चॉकलेट, बिस्किटं पण असू द्या थोडी, त्यांच्याशी वैर नाही, फक्त सगळी भूक त्यांच्यावर भागवायची नाही.

सकाळी ओट्स, त्यात दूध पावडर, कुटलेले दाणे आणि थोडा सुका मेवा घरीच मिसळून एकेका दिवसाच्या पिशव्या करून ठेवायच्या. गरम पाणी ओतलं की झालं. याने पोटही साफ राहतं, कारण ट्रेकवर बद्धकोष्ठ हा फार कॉमन त्रास आहे, लोक बोलत नाहीत एवढंच. फायबर कमी, पाणी कमी आणि उघड्यावर जायचा संकोच, तिन्ही एकत्र येतं.

संध्याकाळचं जेवण मी घरी शिजवून वाळवून नेते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याचाच पडतो. भात आणि मसूर डाळ भाज्यांसकट मऊ शिजवायची, तेल अजिबात घालायचं नाही कारण तेलकट पदार्थ नीट वाळत नाही आणि लवकर खवट होतो. भाज्या अगदी बारीक चिरायच्या, मोठा तुकडा बाहेरून कडक होतो आणि आत ओल राहते. ट्रेवर पातळ पसरून डिहायड्रेटरमध्ये किंवा ओव्हनच्या सगळ्यात कमी आचेवर, दार किंचित उघडं ठेवून, ५५ ते ६० डिग्रीला तासन् तास वाळवायचं, मधे एकदा हाताने मोकळं करायचं. पूर्ण वाळलं की दाणे खडखड वाजतात, बोटाने दाबले तर दबत नाहीत. जरा जरी ओलसर लागलं तरी परत आत ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

कॅम्पवर पोचल्या पोचल्या हे भांड्यात गार पाण्यात भिजत टाकायचं आणि मग तंबू लावायला जायचं. वीसेक मिनिटांनी एक उकळी काढायची, गॅस बंद, भांडं जॅकेटमध्ये गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं आणि खाताना वरून तेल, दाण्याचा कूट. गॅस खूप वाचतो. उंचावर तर हे जास्तच कामाचं, कारण साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू १ डिग्रीने खाली येतो, ३००० मीटरवर पाणी ९० डिग्रीलाच उकळतं, तिथे कच्ची डाळ शिजवत बसलात तर गॅस संपेल पण डाळ शिजणार नाही. जास्त उंचीवर भूकही मरते, तेव्हा थोडं थोडं, पातळ आणि कार्ब्सवालं द्या, तेलकट कमी करा. आणि वर चढताना कोणाला जेवण नकोसं होऊन सोबत डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर तो उंचीचा त्रास असू शकतो. अशा वेळी आग्रह करून वाढू नका आणि त्याला आणखी वरही नेऊ नका.

इन्स्टंट नूडल्सला लोक नावं ठेवतात ते मुख्यतः मिठामुळे, पण दिवसभर घाम गाळलेल्या माणसाला मीठ लागतंच, एक लिटर घामाबरोबर साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं. नूडल्सची खरी अडचण प्रोटीन कमी असणं ही आहे, तेव्हा खायच्याच असतील तर त्यात वाळवलेल्या भाज्या आणि सोया चंक्स टाका. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पीत राहणं मात्र धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम खाली जाऊन माणूस गोंधळतो, उलट्या होतात. तहान लागेल तसं प्या, सोबत खारं काहीतरी खात राहा. ओआरएसची दोन-तीन पाकिटं जवळ असू द्या, पण जुलाबासाठी. ती पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायची, अंदाजाने नाही. ज्यांना बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मिठाचं आणि खाण्याच्या वेळांचं निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

ताजं काही हवंच असेल तर गाजर आणि कोबी पहिले दोन-तीन दिवस छान टिकतात, पालेभाजी नका नेऊ.

हात साबणाने धुवा, विशेषतः जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर. नुसत्या सॅनिटायझरवर राहू नका, नोरोव्हायरससारख्या पोट बिघडवणाऱ्या विषाणूवर तो फारसा चालत नाही. सुका मेवा सगळ्यांनी एकाच पिशवीत हात घालून खाऊ नये, तळहातावर ओतून घ्यावा. एकाचं पोट बिघडलं की दुसऱ्या दिवशी अख्खा ग्रुप आडवा होतो, आणि मग तुमच्या हेल्दी प्लॅनिंगचा काही उपयोग नाही.

आणि निघण्याआधी प्रत्येक पदार्थ एकदा घरी, त्याच भांड्यात, त्याच स्टोव्हवर करून खाऊन बघा. शिवाय पावसाने अडकलात तर असावं म्हणून माणशी एका दिवसाचं जास्तीचं खाणं घ्या, तेही न शिजवता खाता येईल असं, म्हणजे दाणे, खजूर, पीनट बटर, आणि ते सॅकच्या तळाशी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा नाहीतर तिसऱ्या दिवशीच संपतं.