उसनवारीचा दशांश

"ताई, मी देवाला ठकवतोय का?" खुर्चीत टेकता टेकताच त्यांनी विचारलं.

चाळिशीतले गृहस्थ, दोन मुलांचे वडील. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडिलांच्या आजारपणात कर्ज झालेलं, पगाराचा मोठा हिस्सा हप्त्यांत जायचा. तरी दशांश, म्हणजे उत्पन्नाचा देवासाठी काढलेला दहावा भाग, दर महिन्याला मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पोचत होता. कसा, ते दुसऱ्या भेटीत कळलं. क्रेडिट कार्डावर पैसे उचलून. बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ही भीती घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बरेच जण येतात. बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय मनात रुतलेला असतो: दशांश न देणं म्हणजे देवाला ठकवणं. यांनी त्यापुढचं गणितही मांडलं होतं. मध्ये दोन महिने अर्पण चुकलं, त्यानंतरच वडिलांची तब्येत ढासळली, म्हणजे तो दंडच. तसं त्यांना कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं. पण "द्या, शंभरपट मिळेल" हे त्यांनी उपदेशात पुष्कळदा ऐकलं होतं. असल्या उपदेशाचा मला राग येतो, आणि त्या दिवशी तो माझ्या चेहऱ्यावर दिसलाही असेल.

श्रद्धावान माणसाला "एवढं मनाला लावून घेऊ नका" म्हटलं की तो पुन्हा येत नाही. म्हणून आम्ही बायबल उघडलं. मलाखी दशांश मागतो तो मंदिराच्या भांडारात अन्न असावं म्हणून. ते नसलं की काय होतं, हे नहेम्याच्या 13व्या अध्यायात दिसतं: वाटा मिळेना, तेव्हा लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, सेवा सोडून आपापल्या शेतांकडे परतले. 'अनुवाद' या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात तर दशांशातून घरच्यांसह देवासमोर जेवून आनंद करायला सांगितलंय, आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परके, अनाथ आणि विधवांसाठी ठेवायला. मग मार्कचा 7वा अध्याय वाचला. आईवडिलांच्या कामी येणारं 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केलंय, असं सांगून हात वर करणाऱ्यांना येशूने चांगलंच सुनावलं आहे.

"म्हणजे बाबांच्या औषधांवर गेलेला पैसा..." एवढंच बोलून ते थांबले. वाक्य मी पूर्ण केलं नाही.

खरी गाठ पुढे सापडली. प्रार्थनेत उपकारस्तुती करता का, असं सहज विचारलं, तर म्हणाले, "टाळतो. काय काय मिळालं ते मोजायला लागलं की देणं वाढतं." कृतज्ञता त्यांना बिलासारखी वाटत होती! एरवी मी रोजच्या तीन आशीर्वादांची नोंद करायला सांगते. इथे ते चुकलं असतं, कर्जाच्या यादीत आणखी एका यादीची भर पडली असती. त्याऐवजी लूकच्या 17व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी घेतले. परतून आला एकच. बाकीचे नऊ कुठे, असं येशूने विचारलं खरं, पण त्यांचं बरं होणं काढून घेतल्याचं लूक कुठेही सांगत नाही. ते बराच वेळ त्या ओळींवर बोट ठेवून बसले.

कारभारीपणाचं बोलणं त्यानंतर आलं, आणि ते वहीवर आलं. महिन्याचा हिशोब लिहून आणा म्हटलं, तर पहिल्याच ओळीत 'देवाचा दशांश' आणि खाली 'माझा खर्च'. मी विचारलं, "उरलेल्या नऊ भागांचा मालक कोण?" कारभाऱ्याच्या हाती असतं ते सगळंच धन्याचं. मग कार्डावरचं व्याजही त्याच्याच पैशातून जात होतं. हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

किती द्यायचं, तो आकडा मी सांगितला नाही, तो सांगणं माझं काम नव्हे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातल्या 8व्या अध्यायात पौल म्हणतो की, मनाची उत्सुकता असली तर माणसाजवळ असेल त्याप्रमाणे देणं मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नव्हे. तेवढं वाचलं. कार्डावर पैसे उचलणं त्याच आठवड्यात बंद झालं. आकडा मात्र बायकोसोबत बसून ठरवा, असा माझा आग्रह होता. यावर ते दोन भेटी चाचरत राहिले. देवापेक्षा तिची भीती जास्त होती, असं मला वाटतं.

पाचव्या भेटीला दोघं आली. तिने वही पुढ्यात ओढली, पानं उलटली आणि विचारलं, "हे व्याज कधीपासून चाललंय?"

त्यांनी सांगितलं. दानाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. तासभर आम्ही तिघं व्याजाचीच बेरीज करत होतो.