बंद केलंत, ठीक आहे. पण बदल्यात काय दिलंत?

डॅलसजवळ राहणाऱ्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलंय. प्रश्नही चारच आहेत: मुलीची गाणी-सिनेमे, धाकट्याचं हॅलोविन, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतलं लेझीम आणि सासऱ्यांचं व्हॉट्सअ‍ॅप. मी पहिल्या प्रश्नावरच ठिय्या देणार आहे. बाकीच्यांना शेवटी जी जागा उरेल ती.

त्या लिहितात: "ताई, प्रभूच्या नावात सलाम. आम्ही सोलापूरचे. जवळपास मराठी चर्च नाही, म्हणून इथल्या अमेरिकन चर्चला जातो. तिथल्या युथ पास्टरनी पालकांना एक यादी दिली. त्याप्रमाणे हॅरी पॉटर बंद केलं, कोरियन गाणी बंद केली, नेटफ्लिक्सला कुलूप घातलं. मुलगी सोळाची आहे. तिच्या कपाटात त्या कोरियन गायकांची चित्रं काढलेली वही सापडली, ती मी रिसायकलिंगमध्ये टाकली. तेव्हापासून ती जेवते आणि खोलीत जाते. आमचं काय चुकलं?"

बाई गं, तुमची धास्ती मला कळते. सोलापुरात पोरीवर नजर ठेवायला शेजारच्या काकू होत्या, संडे स्कूलच्या बाई होत्या, पाळकसाहेबांची बायको होती. इथे तुम्ही दोघं आणि तिच्या हातातला फोन. अशात कुणी छापील यादी दिली की बुडत्याला काठी मिळाल्यासारखं होतं. पण वही टाकलीत? तिने हाताने काढलेली चित्रं? सिनेमा बंद केलात ते मी समजू शकते. हे मात्र मला मुळीच पटलं नाही, आणि ते गोडीगुलाबीत गुंडाळून सांगणार नाही.

आता त्या यादीबद्दल. न्यू मेक्सिकोत आलामोगोर्डो नावाचं गाव आहे. तिथल्या एका चर्चने २००१च्या डिसेंबरात हॅरी पॉटरची पुस्तकं जाळली. पुढाकार घेणाऱ्या पास्टरांनी त्यातलं एकही वाचलं नव्हतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. तुमच्या युथ पास्टरांनी यादीतल्या किती गोष्टी पाहिल्यात, विचारा एकदा. तुम्ही स्वतः किती पाहिल्यात ते मी विचारत नाही, पत्रावरून कळतंच आहे.

आणि अमेरिकन यादीची आपल्याला गरज तरी काय? हा प्रश्न आपल्या भाषेत चारशे वर्षांपूर्वीच विचारून झालाय. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मिशनरी १५७९ साली गोव्यात आला आणि तिथलाच झाला. ख्रिस्ताची कथा सांगणारं त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली तिथेच, रायतूरला छापलं गेलं. त्याच्या सुरुवातीलाच एक ब्राह्मण पाद्रीला गाठून विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? नीट वाचा हा प्रश्न. तुमची मुलगी खोलीचं दार लावून हेच विचारते आहे. स्टीफन्सने त्या माणसावर डोळे वटारले नाहीत. मराठीत, ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या रचून दिल्या.

नगरकडच्या आमच्या ख्रिस्ती लोकांना कवी रेव्हरंड ना. वा. टिळक काही सांगावे लागत नाहीत. १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि पुढे नगरला असताना त्यांनी ख्रिस्ती मंडळीला अभंग दिले, भजनं दिली, ख्रिस्ती कीर्तन दिलं. हे आपलं नाही म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते, असं आमचे आजोबा सांगायचे. आज तीच भजनं 'उपासना संगीत' या आपल्या चर्चच्या गीतपुस्तकात आहेत आणि नाकं मुरडणाऱ्यांची पतवंडं ती डोळे मिटून गातात.

आमच्या घरीही सिनेमाबंदी होती, आणि कडक होती. पप्पा पोस्टरकडेसुद्धा बघू देत नसत. पण ऑक्टोबर उजाडला की नाताळच्या नाटकाच्या तालमी सुरू. आत्या करंज्या भरता भरता आमच्याकडून संवाद घोकून घ्यायची, चुकलं की हातातलं कातणं आमच्यावर रोखायची. दुष्ट राजा हेरोद व्हायला माझ्या दोन भावांत मारामारी व्हायची, योसेफ कुणालाच नको असायचा. सिनेमाची आठवण काढायला वेळ होता कुणाला? तुमच्या बंदीनंतर घरात काय आलं, ते मी पत्रात दोनदा शोधलं. रविवारचं चर्च सापडलं, आणि शुक्रवारचा बायबल स्टडी. तोही तुम्हा दोघांचा.

"आम्ही ख्रिश्चन म्युझिक लावतो की," असं पुढे लिहिलंय. लावा. पण नुसत्या लेबलाने भागत नाही. स्टीफन्स आधी मराठी शिकला, मग ओवी लिहिली. टिळकांच्या कानात तुकाराम लहानपणापासून होता. प्रेषित पौल अथेन्सला गेला तेव्हा आधी शहरभर फिरला, त्यांच्या वेद्या बघितल्या, आणि मग तिथल्या अरियपग टेकडीवर उभा राहून त्यांच्याच कवींच्या ओळी त्यांना म्हणून दाखवल्या. बायबलात प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय. म्हणजे पौलाने त्यांचे कवी वाचले होते, नाही का?

माझा मुलगा पंधरा वर्षांचा असताना गाडीत रॅप लावायचा. मी बंद कर म्हटलं नाही, अर्थ सांग म्हटलं. एकेका ओळीचा, मराठीत. पहिली ओळ आईच्या कष्टांबद्दल होती, ती त्याने छान सांगितली. दुसरीला अडखळला. तिसरीला "जाऊ दे ना मम्मी" म्हणून त्यानेच आवाज कमी केला. आईची ओळ मला अजून पाठ आहे.

म्हणून आधी मुलीची माफी मागा, वहीबद्दल, "पण"चं शेपूट न लावता. मग तिला म्हणा, तुला आवडतं ते एक दाखव. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून शेवटपर्यंत बघा, मध्येच बायबलचं वचन काढू नका. झाल्यावर एवढंच विचारा की यातलं तुला कोण आवडतं आणि का. या उत्तरात जे कळेल ते यादीत मिळणार नाही. ती त्या गाण्यांसाठी कोरियन शिकते आहे, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. अहो, जी पोर गाण्यासाठी कोरियन शिकते तिला मराठी जड का जाईल? गाण्यासारखं मराठी तिला कुणी ऐकवलंच नाही. आणि इतका चांगला हात असलेल्या मुलीला चर्चच्या नाताळ नाटकाचा पडदा रंगवायला अजून कुणीच कसं सांगितलं नाही? सगळं चालू द्या, असं मी म्हणत नाही. अश्लील आणि रक्तबंबाळ गोष्टींना कुलूप हवंच, त्यावर चर्चा नको.

हॅलोविनचं: ती सर्व संतांच्या सणाची आदली रात्र, नावही तिथूनच आलं. सांगाडा नको वाटत असेल तर दावीद करून पाठवा, गोफणीसकट. चॉकलेटं तेवढीच मिळतात.

लेझीम हा व्यायाम आहे, खेळू द्या. आरतीला उभं राहायचं की नाही आणि प्रसादाचं काय, हे तुम्ही दोघांनी बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचा, वाचून ठरवा, आणि मंडळाच्या काकूंना आधीच सांगून ठेवा. समजून घेतात त्या.

सासरे व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर जगाच्या शेवटच्या काळाचे व्हिडिओ पाठवतात, यावर माझ्याकडे औषध नाही. पण ते सोलापुरात चर्चमध्ये पेटी वाजवायचे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. मग घरात पेटी का नाही? कुणी भारतातून येत असेल तर घडीची पेटी मागवा. फक्त सामानाचं वजन आधी विचारून घ्या, माझ्या जावेला विमानतळावर चांगला भुर्दंड पडला होता.