४० मीटरचं ५ वॅटचं हॅम रेडिओ किट पहिल्यांदा जोडताना कुठे जपायचं?

तुम्ही विचारलंय की सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं, ४० मीटर पट्ट्याचं (७ मेगाहर्ट्झ) सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स कोडचं किट आणलंय, तर नेमकं कुठे चुकतं. माझं उत्तर एका शब्दात: टोरॉइड (तार गुंडाळून कॉइल करायचं गोल कडं). नवख्याचं किट मुकं राहिलं तर मी आधी तिथेच बघतो.

तार कड्याच्या भोकातून एकदा गेली की तो एक वेढा. त्यामुळे वेढे आतल्या बाजूने मोजा, बाहेरून मोजले तर एक कमी भरतो. लाल टी३७-२ प्रकारच्या कड्यावर १६ वेढ्यांचा इंडक्टन्स (कॉइलचं मूल्य) साधारण १ मायक्रोहेन्री होतो. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून एकच वेढा चुकला तरी १२-१३ टक्क्यांचा फरक पडतो. काळं एफटी३७-४३ आकाराने अगदी तेवढंच असतं, पण त्यावर तेवढेच वेढे घातले तर इंडक्टन्स नव्वद-शंभर पट! आधी रंगाप्रमाणे कडी वेगळी काढून ठेवा.

मग इनॅमल, म्हणजे तारेवरचा वीजरोधक लेप. टोकावर आयर्न आणि सोल्डरचा थेंब धरून ठेवा. धूर निघून तार चकचकीत चांदीसारखी झाली की इनॅमल गेलं. नाही गेलं तर ब्लेडने सगळ्या बाजूंनी खरवडा. सोल्डर केल्यावर मल्टिमीटरची टोकं तारेला न लावता बोर्डावरच्या दोन पॅडना लावा. वरून सुरेख दिसणारा सांधा आतून कोराच असू शकतो.

कपॅसिटरवर १०१ असेल तर १०० पिकोफॅरड, १०० असेल तर १० पिकोफॅरड. फिल्टरमध्ये ही अदलाबदल फार होते.

सगळं जोडून मग वीज देऊ नका. आधी पुरवठ्याचा भाग, मग रिसीव्हर, शेवटी फायनल ट्रान्झिस्टर (ट्रान्समिटची पॉवर देणारा). मॅन्युअलमध्ये रिसीव्हचा करंट दिलेला असतो, त्याच्या थोडंसं वर पॉवर सप्लायची करंट लिमिट लावा.

ट्रान्समिटची चाचणी अँटेनावर नाही, डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारे रेझिस्टर). पाव वॅटचे १ किलोओहमचे २० रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम, ५ वॅट. वायरवाउंड (तार गुंडाळलेले) घेऊ नका, ते इंडक्टन्स घुसडतात. लोडवरून डायोड आणि छोटा कपॅसिटर लावून डीसी व्होल्टेज मोजा, त्यात डायोडचे ०.६ मिळवा, वर्ग करून १०० ने भागा. ५ वॅटला साधारण २१.८ व्होल्ट दिसायला हवेत. मोर्सची की (बटण) एका वेळी दोन-तीन सेकंदच दाबा, रेझिस्टर तापतात.

दीड-दोन वॅटच आले तर ट्रान्झिस्टर बदलायची घाई नको. लो-पास फिल्टरच्या (नको त्या वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या भागाच्या) कड्यांवरचे वेढे नखाने थोडे पसरवा (इंडक्टन्स कमी होतो) किंवा जवळ सरकवा (वाढतो), एका वेळी एकच कडं, आणि दर वेळी मीटर बघा. पॉवर वाढली नाही तर ते कडं पूर्ववत करून पुढचं घ्या. एकाही कड्याने काटा हलला नाही, तर बहुधा कुठेतरी वेढा चुकलाय. भिंग घेऊन पुन्हा मोजा.