काळे कपडे, कमी पैसे आणि आपलं ऊन

अगं, तुला गॉथ व्हायचंय, म्हणजे काळ्या कपड्यांत आणि गूढ, उदास संगीतात रमणाऱ्यांसारखं सजायचंय, पण पैसे नाहीत म्हणतेस ना? मग ऑनलाइन दिसणारे कंबर आवळणारे कॉर्सेट आणि जाड तळव्याचे प्लॅटफॉर्म बूट विसर. गॉथ मंडळी १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये जुनेच कपडे फाडून, रंगवून, पिना लावून घालायची. तुला पैसे नाहीत म्हणून तू कमी गॉथ ठरत नाहीस.

सुरुवात रंगापासून कर. घरातला विटका सुती कुर्ता, भावाची जुनी जीन्स, आईची फाटकी सुती साडी काढ. बाजारात काळ्या रंगाची पुडी मिळते. कपडा आधी ओला कर, उकळत्या पाण्यात रंग आणि मीठ घाल आणि सतत हलवत राहा, नाहीतर डाग पडतात. स्वयंपाकाचं भांडं वापरू नकोस. पॉलिस्टर हा रंग धरत नाही, त्यामुळे शिवणीचा दोरा पांढराच राहू शकतो. मला तो तसाच आवडतो. पहिल्या काही धुण्यांत कपडा वेगळा धू.

शिवणकाम गावातल्या टेलरकडूनच करून घे. जुन्या साडीची लेस बाह्यांना लाव. आठवडी बाजारात ऑक्सिडाइज्डचे दागिने बघ. काजळ तर घरात असतंच.

मे महिन्यात मात्र जाड थर नको. आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, काळा रंग आणखी तापतो. सैल, पातळ सुतीच घाल.

घरचे लग्नकार्यात काळं नको म्हणतील. त्या दिवशी गर्द जांभळा किंवा मरून घाल, तोही गॉथच आहे. आणि संक्रांतीला काळी साडी नेसायची तर रीतच आहे, तेव्हा मनसोक्त सज.