वाचक विचारतात : रमाबाई म्हणजे नेमक्या कोणत्या?

प्रश्न : मी महाल भागातील एका शाळेत शिकवते. रमाई जयंतीच्या निमित्ताने सातवीच्या मुलींनी भित्तिपत्रक तयार केले. एका मुलीने दुकानातून आणलेल्या थोर व्यक्तींच्या तक्त्यातून 'रमाबाई' असे छापलेले चित्र कापून मधोमध चिकटवले. चित्रातील बाईंचे केस आखूड कापलेले होते आणि अंगावर पांढरे वस्त्र होते. खाली तिने सुवाच्य अक्षरात लिहिले होते : 'जन्म ७ फेब्रुवारी १८९८, वणंद. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी. विधवांसाठी शारदा सदन काढले.' काहीतरी चुकले आहे हे माझ्या लगेच लक्षात आले, परंतु मुलीला समजावून सांगताना मीच अडखळले. प्रसिद्ध रमाबाई एकूण किती, आणि त्यांच्यात हा गोंधळ का होतो? (शिक्षिका, महाल, नागपूर)

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीचे एकही वाक्य खोटे नाही, हे तिला सर्वांत आधी सांगावे. तिने लिहिलेली प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या रमाबाईंच्या बाबतीत खरी आहे. चित्र आणि शारदा सदन पंडिता रमाबाईंचे, जन्मतारीख आणि गाव रमाबाई आंबेडकरांचे, तर पती रमाबाई रानडे यांचे. तीन स्वतंत्र आयुष्ये एका कागदावर एकत्र आली, आणि याचा दोष त्या मुलीपेक्षा नुसते 'रमाबाई' एवढेच छापणाऱ्या तक्त्याकडे अधिक जातो.

काळाच्या क्रमाने पाहिले तर पहिल्या रमाबाई पेशव्यांच्या घरातील. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने वारले आणि त्यांच्या पत्नी रमाबाई तेथेच सती गेल्या. थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ लोक त्यांच्या स्मारकापाशी हात जोडून पुढे जातात. आपल्या भित्तिपत्रकात त्या शिरल्या नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी एवढेच पुरे.

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या आईने मुलीला शिकवले. दुष्काळात आईवडील गेल्यावर रमा आपल्या भावाबरोबर देशभर पायी हिंडली, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी १८८० साली विवाह केला. १८८२ साली ते वारले, तेव्हा पदरी मनोरमा ही लहान मुलगी होती. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे दौंडजवळ केडगाव येथे मुक्ती मिशन उभारले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावलाच वारल्या. आखूड केसांचे ते चित्र यांचे.

रमाबाई रानडे यांची गोष्ट अगदी वेगळी आहे. त्यांचा जन्म १८६२ सालचा, माहेर देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांचे आणि माहेरचे नाव यमुना. १८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले, तेव्हा रानडे एकतीस वर्षांचे विधुर होते आणि यमुना अकरा वर्षांची होती. सासरी तिचे नाव रमा झाले आणि पाटीवर अक्षरे गिरवण्यापासून तिचे शिक्षण सुरू झाले. घरातील वडीलधाऱ्या बायकांचा त्या शिक्षणाला किती विरोध होता, आणि तो सोसताना एका अल्पवयीन सुनेची किती ओढाताण होत होती, हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात कोणाविषयीही कडवटपणा न ठेवता लिहिले आहे. मराठीतील आत्मपर लेखनात या पुस्तकाचे स्थान फार वरचे आहे, आणि आपल्या वाचनालयात ते नसेल तर अवश्य मागवावे, असे मी आग्रहाने सांगेन. १९०१ साली न्यायमूर्ती गेल्यानंतर रमाबाईंनी स्वतःला कामात झोकून दिले आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले. १९२४ साली त्या वारल्या.

या दोघींमध्ये गल्लत होण्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे दोघी एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या, तेव्हा त्यांच्या व्याख्यानांना आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाणाऱ्या स्त्रियांत रमाबाई रानडे होत्या. त्यावेळच्या त्या बैठकीची कल्पना करून पाहावी. एक रमाबाई चोवीस वर्षांची, विधवा, हजारो संस्कृत श्लोक तोंडपाठ असलेली आणि भरल्या सभेत निर्भयपणे बोलणारी. दुसरी विशीतली, घरी परतल्यावर सासरच्या बायकांचे बोलणे ऐकावे लागेल हे ठाऊक असूनही तेथे येऊन बसणारी. कोणी 'रमाबाई' अशी हाक मारली असती, तर दोघींनीही मान वर केली असती.

चौथ्या रमाबाई नागपुरातील घराघरांत तसबिरीच्या रूपाने आहेत. दापोलीजवळच्या वणंद गावी ७ फेब्रुवारी १८९८ रोजी भिकू धुत्रे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. आईवडील लवकर गेले आणि १९०६ साली मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत, भीमराव आंबेडकर यांच्याशी त्यांचे लग्न लागले. पती परदेशी शिकत असताना त्यांनी अत्यंत हलाखीत संसार ओढला. त्यांची चार मुले दगावली आणि एकटा यशवंत जगला. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्यांचे निधन झाले. पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी 'रामू'च्या स्मृतीस अर्पण केला आहे, आणि ही रामू म्हणजेच रमाबाई.

आता गोंधळाच्या मुळाविषयी. रमा हे लक्ष्मीचे नाव. लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची चाल ज्या घरांत होती, तेथे नवे नाव बहुधा देवीच्या नावांतून निवडले जाई, आणि अशी नावे ठरावीकच होती. त्यामुळे एका यमुनेची रमा झाली, तशी कल्याणच्या दुसऱ्या एका यमुनेची आनंदी झाली. या दुसऱ्या म्हणजे ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी. त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या. पुढे बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, शारदा सदन उघडले. त्या सदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेने १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि लग्नात त्यांचेही नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. गोदूबाईंचे माहेर जोशींचे होते, त्यामुळे अनेक वाचक त्यांना आणि डॉक्टर आनंदीबाईंना एकच समजतात. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई तर या दोघींच्या शंभर वर्षे आधीच्या.

नाव बदलण्याच्या चालीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, आपली उल्लेख करण्याची सवय या गोंधळाला कारणीभूत आहे असे मला वाटते. पुरुषांचा उल्लेख आपण आडनावाने करतो : रानडे, आगरकर, टिळक. रानडे यांना कोणी नुसते 'महादेवराव' म्हटले तर समोरचा लगेच 'कोण महादेवराव?' असे विचारेल. स्त्रियांच्या बाबतीत मात्र आपण आडनाव गाळतो, पहिल्या नावाला 'बाई' जोडतो आणि पुढे कोणी काही विचारत नाही. ज्या समाजाने रमाबाई आंबेडकरांना मनापासून आपले मानले, त्याने हा प्रश्न स्वतःच सोडवला आहे. नागपुरात ७ फेब्रुवारीला निघणाऱ्या मिरवणुकीत 'रमाबाई' हा शब्द क्वचितच ऐकू येतो. सगळे जण 'रमाई' किंवा 'माता रमाई' म्हणतात, आणि त्या एका शब्दाने इतर सर्व रमाबाई आपोआप बाजूला राहतात.

आपण उतरवलेले भित्तिपत्रक फेकू नये, अशी विनंती आहे. त्याच मुलीकडून त्यावर तीन चित्रे लावून घ्यावीत, आणि प्रत्येक चित्राखाली पूर्ण नाव लिहून घ्यावे : पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे, रमाई आंबेडकर. तिची तिन्ही वाक्ये तशीच वापरता येतील, केवळ त्यांची जागा बदलावी लागेल.

प्रश्न : राज्य शासनाने लंडनहून परत आणलेली रघुजी भोसले यांची तलवार नेमक्या कोणत्या रघुजींची आहे? आमच्या घरी यावरून वाद झाला. वडील म्हणतात, इंग्रजांनी ज्यांचे राज्य खालसा केले त्यांची. (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : ती तलवार पहिल्या रघुजींची म्हणून घेण्यात आली आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात शासनाने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांना विकत घेतली. सरळ युरोपीय पात्याची ती 'फिरंग' आहे आणि पात्यावर देवनागरीत राघोजी भोसले यांचे नाव व 'सेनासाहेबसुभा' हे पद कोरलेले आहे.

आपल्या वडिलांचा समज निराधार नाही, कारण नागपूरच्या गादीवर या नावाचे तीन पुरुष बसले. पहिल्या रघुजींना छत्रपती शाहू महाराजांकडून सेनासाहेबसुभा हे पद मिळाले, त्यांनी देवगडच्या गोंड घराण्यातील वारसाकलहात मध्यस्थी करून पुढे नागपूर आपल्याकडे घेतले, आणि बंगालवर लागोपाठ स्वाऱ्या करून १७५१ च्या तहाने ओरिसा मिळवला. १७५५ साली ते वारले. दुसरे रघुजी हे त्यांचे नातू. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली जुनी रीत या घराण्यातही होती. परंतु आजोबांनी जे मिळवले त्याचा मोठा भाग नातवाच्या हातून गेला : १८०३ साली असई आणि आडगाव येथील पराभवांनंतर देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडावे लागले. तिसरे रघुजी हे दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे पुत्र. सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब पदच्युत झाले, तेव्हा १८१८ साली इंग्रजांनी या अल्पवयीन मुलाला गादीवर बसवले. ११ डिसेंबर १८५३ रोजी ते निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. आपल्या वडिलांच्या मनात हे रघुजी आहेत.

'पहिले', 'दुसरे', 'तिसरे' हे क्रमांक इतिहासकारांनी मागाहून लावले आहेत. यांपैकी कोणीही स्वतःला तसे म्हणवून घेतले नाही. म्हणूनच जुन्या कागदावर किंवा शस्त्रावर नुसते 'रघुजी भोसले' दिसले, तर साल, सोबतची इतर नावे आणि वस्तूची घडण पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

प्रश्न : ६ जानेवारीचा पत्रकार दिन लोकमान्य टिळकांच्या स्मरणार्थ असतो का? निमंत्रणपत्रिकेवर 'बाळ गंगाधर' असे नाव होते आणि कार्यक्रम धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात होता. (एक विद्यार्थी, धरमपेठ)

उत्तर : नाही. तो दिवस बाळशास्त्री जांभेकर यांचा. त्यांचेही नाव बाळ गंगाधरच. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी 'दर्पण' हे वृत्तपत्र सुरू केले, आणि अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १८४६ साली, ते वारले. टिळकांचा जन्म त्यानंतर दहा वर्षांनी, १८५६ साली झाला. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, म्हणजे दोन्ही पत्रांचे वाढदिवसही दोनच दिवसांच्या अंतराने येतात आणि गोंधळात भर पडते. टिळकांचे पाळण्यातील नाव केशव होते. 'बाळ' ही घरातील हाक पुढे कायम राहिली. मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या सरकारप्रमुखाला असे म्हणत) आणि पुढचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांचेही पूर्ण नाव बाळ गंगाधर खेर, आणि हे तिघेही मूळचे कोकणातले. त्यामुळे पत्रिकेवर आडनाव छापले नसेल, तर आपल्याप्रमाणे कोणालाही शंका येणे स्वाभाविक आहे. पुढच्या वर्षी आयोजकांना आधीच एक पत्र लिहून 'जांभेकर' हा शब्द ठळक छापण्यास सुचवावे.